रायफलीचे सुटे भाग : घोडा की चाप, दस्ता की कुंदा, आणि ‘बेडिंग’ला काय म्हणायचं?

धंतोलीहून :
माझा भाचा अमेरिकेत, कोलोराडोत राहतो. लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या स्पर्धांत उतरतो आणि आता पहिल्यांदाच एकेक भाग निवडून स्वतःची रायफल जुळवून घेतोय. फोनवर माझ्या आईने विचारलं, ‘काय काय घेतलंस रे?’ त्यावर त्याने बॅरल, ॲक्शन (काडतूस आत घेऊन झाडणारी मधली यंत्रणा), ट्रिगर, स्टॉक, बेडिंग अशी यादी वाचून दाखवली. आईच्या माहेरी काटोलकडे ठासणीची बंदूक होती. नळी, दस्ता, घोडा, गज, बार हे शब्द तिच्या तोंडी आहेत, पण त्यांचा मेळ या यादीशी बसेना.

मला अडलेलं असं : ट्रिगर म्हणजे घोडा की चाप? स्टॉकला दस्ता म्हणावं की कुंदा? बेडिंग म्हणजे स्टॉकमध्ये ॲक्शन घट्ट बसावी म्हणून तिच्याखाली केलेली जागा, तिला मराठीत काही आहे का? आणि ‘कस्टम रायफल’ याला सरळ काय म्हणायचं?

महालातून :
ताई, घोडा आणि चाप या दोन शब्दांची सरमिसळ फार जुनी आहे. वर्तमानपत्रांत दोन्ही एकाच अर्थाने सर्रास येतात. पण टोपीची बंदूक (दारू पेटवायला छोटी स्फोटक टोपी लावतात ती) ज्यांनी हाताळली आहे ते फरक करतात. घोडा म्हणजे वर दिसणारा, टोपीवर आपटणारा भाग. तो आधी ‘चढवायचा’. बोटाने ओढायचा तो चाप, त्यालाच काही जण कळ म्हणतात. भाच्याची रायफल बोल्टची असणार, म्हणजे मागून सरकवून नळी बंद करायच्या दांड्याची. तिला बाहेर घोडाच नसतो, आपटणारी पिन बोल्टच्या पोटात असते. म्हणून तिथे चापच म्हणावं. चापाचा गुण सांगायला आपल्याकडे क्रियापदंही चांगली आहेत. चाप रेंगाळू नये, ठरल्या वजनाला स्वच्छ सुटावा, आणि प्रत्येक वेळी त्याच वजनाला सुटावा. नुसता हलका चाप म्हणजे चांगला चाप नव्हे. फार हलका ठेवला तर धक्क्यानेही सुटू शकतो.

दस्ता आणि कुंदा यांत मी असा भेद करीन : पूर्ण लाकूडकाम तो दस्ता, खांद्याला टेकतो तो मागचा भाग कुंदा. (कागदाचा २४ तावांचा दस्ता वेगळा, पण संदर्भामुळे घोटाळा होत नाही.) अमेरिकेत हल्ली फायबरग्लासचे नाहीतर ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे दस्तेही घेतात. शब्द तोच चालेल.

बॅरलला नळी. दुनळी म्हणतो ना आपण, त्यातलीच. आतल्या चक्राकार खोबणींना नट-बोल्टसारखे ‘आटे’ म्हणणारे आहेत, मला ‘पीळ’ जास्त नेमका वाटतो, कारण त्यात मापही सांगता येतं. पॉइंट टू टू रायफलीच्या नळीत साधारण १६ इंचांत १ पीळ, म्हणजे एक पूर्ण फेरा असतो. ६.५ क्रीडमूरसारख्या काडतुसाची गोळी लांब असते, तिला स्थिर ठेवायला ८ इंचांत १ असा घट्ट पीळ देतात. भाच्याला सांगा, आधी गोळी ठरव, मग पीळ, मग नळी. आणि हात आखडता घ्यायचाच असेल तर तो रंगावर, नक्षीवर घे, नळीवर नको.

हिंगणा एमआयडीसीतून :
मी निवृत्त फिटर आहे, बंदुकीतलं कळत नाही. पण बेडिंगचं वर्णन वाचलं आणि राहवलं नाही. अहो, याला आमच्याकडे रोजचा शब्द आहे : बैठक. मोटरची बैठक, पंपाची बैठक, लेथची बैठक. यंत्र कितीही भारी असो, बैठक वाकडी असली की बोल्ट आवळताच त्याचं अंग पिळवटतं. बेअरिंग तापतं, आवाज येतो, आणि लोक मोटरला दोष देतात.

रायफलीतही तेच दिसतं. ॲक्शन दस्त्यात दोन स्क्रूंनी आवळतात. खालची बैठक सपाट नसेल तर आवळताना ॲक्शन किंचित वाकते, आणि प्रत्येक गोळीनंतर ती त्याच जागी परत येईलच असं नाही. ओळखायची रीत आमचीच आहे. नळी आणि दस्त्याचं टोक यांच्यामध्ये डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावायची, पुढचा स्क्रू हळू सैल करायचा. काटा जागचा हलला नाही तर बैठक चांगली. हलला तर ताण आहे. मग इपॉक्सी भरून ॲक्शनच्या आकाराची बैठक ओततात. आधी ॲक्शनला मेणासारखा थर द्यावा लागतो, नाहीतर ती कायमची चिकटेल. आम्ही एका भागाला निळा रंग लावून दुसऱ्यावर उमटलेला डाग बघायचो, डाग सगळीकडे सारखा उमटला की काम पास. लाकडी दस्ता असेल तर ओलाव्याचाही विचार करावा. नागपुरात पावसाळ्यात दारं फुगून घासतात, तसं लाकूड फुगून नळीला टेकलं की नेम सरकतो. म्हणून नळी पुढे मोकळी ठेवतात. कागदाची पट्टी नळीखालून सरकवत मागपर्यंत न अडता गेली पाहिजे.

बेडिंगला बैठक म्हणा, दुसरा शब्द शोधू नका.

सीताबर्डीहून :
शब्दांआधी एक महत्त्वाचं. हा धागा वाचून इथल्या कुणी मुलाने सुटे भाग जमवायला घेऊ नयेत. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या व्याख्येत सुटे भागही येतात, आणि परवान्याशिवाय बंदूक बनवणं किंवा दुरुस्त करणं गुन्हा आहे. ज्याला शिकायचंच आहे त्याने ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलीपासून रेंजवर, प्रशिक्षकाकडे सुरुवात करावी. पॅरिसला २०२४मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने नेमबाजी) कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातला आहे. वाट आहे, ती रीतसर आहे.

धंतोलीहून :
हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आईला ‘बैठक’ ऐकल्याबरोबर कळलं. आता ‘क्वालिटी पार्ट्स’. भाचा सारखा हेच म्हणतो. ‘दर्जेदार भाग’ म्हणावं का?

महालातून :
‘दर्जेदार’ दिवाळी अंकाला ठीक आहे. कारागीर असं बोलत नाही. तो ‘चोख’ म्हणतो, ‘खात्रीचा माल’ म्हणतो. चोख या शब्दात मोजून पाहिल्याचा भाव आहे, आणि इथे तोच हवा. काडतूस बसतं त्या चेंबरला मी ‘घर’ म्हणेन. ते चोख आहे का हे दोन गेजांनी (घरात घालून बघायच्या ठरावीक मापाच्या तुकड्यांनी) कळतं : ‘गो’ गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर होता कामा नये. नो-गोवर बंद झाला तर घर खोल आहे, आणि ती रायफल बंदूक-कारागिराने तपासल्याशिवाय झाडू नये. या बाबतीत भाच्याने अंदाजावर जाऊ नये, जाहिरातीवर तर नाहीच.

ॲक्शनला मराठी शब्द मला सुचत नाही, ‘ॲक्शन’च राहू द्या. रेमिंग्टन ७०० ही ॲक्शन १९६२ची. तिच्याच मापाचे दस्ते आणि चाप कितीतरी कारखाने बनवतात. पहिल्याच रायफलीला दुर्मीळ मापाची ॲक्शन घेतली तर पुढे प्रत्येक भागासाठी अडून बसावं लागेल.

‘कस्टम’ला ‘बांधून घेतलेली रायफल’. बांधणारा कारागीर आणि बांधून घेणारा हौशी, दोघेही त्यात येतात.

हिंगणा एमआयडीसीतून :
ताई, नळीच्या पुढच्या कडेला भाचा क्राउन म्हणेल. त्याला ‘नळीचं तोंड’ म्हणा, तोफेला म्हणतो तसंच. गोळी सुटताना शेवटचा स्पर्श तिथे होतो. कड एका बाजूने जरा जरी उडाली असेल तर मागून येणारा वायू आधी त्या बाजूने निसटतो आणि गोळीला ढकलतो. जुनी नळी घेत असेल तर आधी भिंगाने तोंड बघायला सांगा. साफसफाईचा गजही तोंडाकडून घालू नये, मागून घालावा.