जांघेतील शिरेचे छिद्र कसे बंद करतात?

प्रश्न: वडिलांच्या एट्रियल फिब्रिलेशनवर (हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर) अब्लेशन (जांघेतील शिरेतून नळी घालून हृदयातील दोषी भाग निकामी करण्याचा उपचार) झाले, तेव्हा उजव्या जांघेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा एकच जाड टाका होता व तो दुसऱ्या दिवशी सकाळी काढला. हा टाका शिरेलाच घालतात का?

उत्तर १: नाही. तो त्वचेतून आणि तिच्याखालच्या चरबीतून जातो. गाठ आवळली की तिथले मांस गोळा होऊन शिरेवर दाब देते. शिरेतला दाब धमनीच्या मानाने फारच कमी असल्यामुळे, रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचा अंमल असतानाही, बहुधा तेवढे पुरते.

उत्तर २: कॅथलॅबमध्ये (जिथे अशा नळ्या घालून हृदयावर उपचार होतात) आम्ही पूर्वी हातानेच दाबून धरत असू (बोटे बधिर होत), आणि रुग्ण कित्येक तास पाय सरळ ठेवून पडून राहत असे. शिरेबाहेर विरघळणारे कोलॅजेन (एक प्रथिन) ठेवणारे व्हॅस्केड किंवा शिरेच्या भिंतीलाच टाका घालणारे परक्लोज ही उपकरणे वापरल्यास रुग्ण लवकर चालू लागतो. खर्च मात्र वाढतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. टाक्याच्या जागी हरभऱ्याएवढी गाठ अजून लागते.

उत्तर १: ती वाढत, ठणकत किंवा धडधडत असेल, तर सोनोग्राफी करून घ्यावी.