कायुगा लोक: तक्त्यावर पत्ता कुठला?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): शाळेच्या तक्त्यात कायुगा लोकांचा (उत्तर अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) मुलूख कुठं दाखवू?

उत्तर १: मूळ मुलूख न्यूयॉर्कमधल्या कायुगा सरोवराभोवती. १७७९ मध्ये अमेरिकी सेनापती सुलिव्हनच्या फौजेनं गावं, उभा मका जाळला, पीचची झाडंही तोडली. बरेच जण पुढं कॅनडात ग्रँड नदीकाठी वसले.

उत्तर २: भावा, एकच ठिपका दिलास तर तक्ता चुकला. ग्रँड रिव्हर, ओक्लाहोमातलं सेनेका-कायुगा नेशन आणि न्यूयॉर्कचं कायुगा नेशन, तिन्ही दाखव. न्यूयॉर्क राज्यानं १७९५ आणि १८०७ ला त्यांची जमीन घेतली, केंद्राच्या मंजुरीविना. २००१ ला कोर्टानं सुमारे २४.८ कोटी डॉलर भरपाई मंजूर केली, ती २००५ ला अपिलात रद्द; कारण काय, तर दावा उशिरा केला!

उत्तर ३: त्यांच्या शेतीचं चित्र काढणार असशील तर मका, घेवडा, भोपळा मातीच्या एकाच उंचवट्यावर काढ. घेवडा मका वीतभर झाल्यावरच लावायचा, नाहीतर वेल कोवळा मका आडवा पाडतो.