जॅझच्या चौकडीत टिंपनी वाजवता येईल का?

ठेकेवाला :

आमची पुण्यातील हौशी जॅझ चौकडी आहे. तीत पियानो, सॅक्सोफोन, डबल बास आणि ड्रम्स असा संच असून ड्रम्स मी वाजवतो. आम्ही जिथे सराव करतो तिथे पेडल (पायाने दाबून सूर बदलण्याची कळ) असलेल्या दोन टिंपनी, एक २९ इंची आणि दुसरी २६ इंची, बरीच वर्षे आच्छादनाखाली पडून होत्या; त्या वापरण्याची परवानगी आम्हाला नुकतीच मिळाली. पाश्चात्त्य वाद्यवृंदात या तांब्याच्या नगाऱ्यांचा वादक सर्वांत मागे उभा असतो, रिकाम्या मात्रा मोजत थांबतो आणि उत्कर्षबिंदू आला की गडगडाट करतो, एवढीच माझी या वाद्याशी ओळख. जॅझच्या चालीत ते वाजवून पाहिले तेव्हा प्रत्येक टोल्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, पुढच्या टोल्यावर सांडू लागली, ठेका गढूळ झाला, आणि आपले सूर आपल्यालाच ऐकू येत नाहीत अशी तक्रार आमच्या बासवादकाने केली.

जॅझ किंवा रॉकमध्ये कुणी टिंपनीचा उपयोग निव्वळ गडगडाटापलीकडे केला आहे का? केला असल्यास या आसेचे त्यांनी काय केले? आणि चौकडीत वाजवण्याआधी टिंपनीच्या एकल रचनांचा अभ्यास करणे आवश्यक आहे का?

जुनी तबकडी :

पूर्वपरंपरा आहे, आणि आपल्याला वाटते त्यापेक्षा ती बरीच जुनी आहे. अमेरिकन ड्रमवादक व्हिक बर्टन यांनी १९२६-२७ च्या सुमारास कॉर्नेटवादक रेड निकल्स यांच्या ‘फाइव्ह पेनीज’ या संचात पेडल टिंपनी वाजवली. या संचाच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत वेगळा बासवादक नव्हता. खर्जातील सुरावट बर्टन यांच्या पायाखालच्या पेडलमधून निघे, आणि ती केवळ आधारस्वरांपुरती न राहता मधूनच एखादी छोटी धूनही होऊन जाई. जॅझ संचाचे प्रमुख ड्यूक एलिंग्टन यांचे ड्रमवादक सॉनी ग्रीअर यांच्या तीसच्या दशकातील प्रशस्त संचातही टिंपनी होत्या, पण माझ्या मते तिथे त्यांचे काम डोळे दिपवण्याचे जास्त होते.

खरी श्रवणीय उदाहरणे पन्नासच्या दशकात सापडतात. शिकागोत १९५६ मध्ये सन रा यांच्या ‘आर्केस्ट्रा’ या जॅझ संचात जिम हर्न्डन टिंपनी वाजवत आणि तिथे हे वाद्य नेहमीच्या ताल विभागाचाच एक भाग झाले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ या तबकडीसाठी ‘बेमशा स्विंग’ ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा ड्रमवादक मॅक्स रोच यांनी ड्रम्सच्या जोडीला टिंपनी घेतली. हे ध्वनिमुद्रण आपण सर्वांत आधी ऐकावे, कारण आपल्यासमोरचा प्रश्न रोच यांच्यासमोरही होता आणि त्यांनी तो लपवलेला नाही. मंक यांच्या तुटक, कोनदार सुरांमध्ये ज्या मोकळ्या जागा राहतात त्यांत टिंपनीचा घुमारा पसरतो, आणि सिंबल मात्र चाल सोडत नाही. १९५९ मध्ये एलिंग्टन यांनी ‘जॅझ पार्टी’ या तबकडीसाठी शास्त्रीय वाद्यवृंदांतील तालवादकांचा मोठा ताफा बोलावून टिंपनी आणि इतर सुरेल तालवाद्यांना मध्यवर्ती स्थान देणाऱ्या दोन रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्या मजेदार आहेत, पण चौघांच्या संचाला त्यांतून घेण्यासारखे फारसे नाही.

रॉकबद्दल थोडक्यात सांगतो. बीटल्सच्या १९६४ मधील ‘एव्हरी लिटल थिंग’मध्ये रिंगो स्टार यांनी टिंपनीचे मोजके टोले दिले आहेत. लेड झेपेलिनचे जॉन बॉनम यांच्या सत्तरच्या दशकातील मंचावरील संचात टिंपनीची जोडी असे. एमर्सन, लेक अँड पामरच्या १९७३ च्या ‘ब्रेन सॅलड सर्जरी’मध्ये आर्जेन्टिनाचे संगीतकार हिनास्तेरा यांच्या पियानो कॉन्चेर्तोवर आधारलेला एक तुकडा आहे आणि त्यात कार्ल पामर टिंपनीकडे वळतात. ही वाजवणूक दणकट असली तरी यांपैकी बहुतेक ठिकाणी टिंपनी काढून घेतली तर गाणे मोडणार नाही. बर्टन यांच्या ध्वनिमुद्रणातून ती काढून पाहा, खालचा मजलाच नाहीसा होईल.

पेडलवरचा पाय :

मी परदेशात एका हौशी वाद्यवृंदात टिंपनी वाजवतो, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

आधी हे वाद्य सुरात का बोलते ते पाहू. साध्या गोल पुडीतून (वाद्यावर ताणलेल्या पडद्यातून) निघणारे उपस्वर मूळ स्वराशी सुसंगत नसतात. तबल्यावर शाईच्या थरामुळे ते जुळून येतात, हे सी. व्ही. रामन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले होते. टिंपनीला शाई नसते. तिथे पुडीला लागून हलणाऱ्या हवेचे ओझे बहुतांशी तेच काम करते आणि मुख्य स्वराच्या अंदाजे दीडपट व दुप्पट कंपनसंख्येचे उपस्वर, म्हणजे आपल्या भाषेत पंचम आणि तार षड्ज, त्याच्याबरोबर वाजतात. मात्र टोला काठापासून साधारण व्यासाच्या आठव्या हिश्शाच्या अंतरावर पडला तरच ते स्पष्ट ऐकू येतात. बरोबर मध्यावर मारल्यास जो ‘धप्प’ आवाज येतो त्यात सूर जवळजवळ नसतो आणि तो लगेच विरतो. ड्रमवादक सवयीने मध्यावर मारतात, सूर लागत नाही म्हणून आणखी जोरात मारतात, आणि मग शेजारच्या बासवर पाणी फिरते.

बासशी होणारी टक्कर आकड्यांत मांडता येते. डबल बासच्या मोकळ्या तारा सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झवर लावलेल्या असतात. आपली २९ इंची टिंपनी साधारण ८७ ते १३१ आणि २६ इंची ११७ ते १७५ हर्ट्झ या पट्ट्यात चालते, म्हणजे बासवादक ज्या भागात सर्वाधिक वेळ असतो तिथेच आपण जाऊन बसता. यावर तोडगा वाद्य बदलण्याचा नसून काम वाटून घेण्याचा आहे. जिथे टिंपनीने आधारस्वर धरला तिथे बासने वरच्या सप्तकात जावे किंवा सरळ थांबावे. जिथे बास चालतो आहे तिथे टिंपनीने मध्यावरचे कोरडे टोले द्यावेत.

आस थोपवण्यासाठी वादक बोटांची टोके पुडीवर अलगद टेकवतो, आणि हे टोल्याइतकेच मोजून करावे लागते. एक सूर नेमका किती मात्रा जगेल हे ठरवल्याशिवाय तो वाजवूच नये, असे मी म्हणेन. पुडीवर काठाजवळ नमद्याचा (फेल्टचा) छोटा तुकडा ठेवला तर आस आपोआप आखडते. काठ्यांचाही मोठा फरक पडतो: मऊ नमद्याच्या गोळ्याने सुरुवात धूसर होते, तर कठीण नमद्याच्या किंवा लाकडी टोकाच्या काठीने टोल्याची कड स्पष्ट उमटते.

एकल रचनांविषयी बोलायचे तर अमेरिकन संगीतकार एलियट कार्टर यांच्या चार टिंपनींसाठीच्या आठ रचना या बाबतीत पाठ्यपुस्तकच आहेत. त्यांपैकी सहा १९५० च्या सुमारास झाल्या. उरलेल्या दोन १९६६ मध्ये जोडल्या गेल्या आणि पेडल लागते ते या दोहोंनाच. पुडीच्या मध्यावर, नेहमीच्या जागी की काठाशी मारायचे, कुठे काठी उलटी धरून मागच्या टोकाने वाजवायचे, हे सारे कार्टर यांनी लिहून ठेवले आहे. चार वाद्यांअभावी आपल्याला त्या पूर्ण वाजवता येणार नाहीत, पण एकाच सुराचे रंग किती असू शकतात हे कळण्यासाठी त्या ऐकाव्यात. फिलिप ग्लास यांनी दोन टिंपनीवादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली कॉन्चेर्तो फँटसी २००० साली सादर झाली. ती ज्यांच्या आग्रहातून लिहिली गेली ते जोनाथन हास स्वतः टिंपनीभोवती उभारलेला जॅझ संचही चालवत, तेव्हा एकल मंच आणि जॅझ या दोन वाटा वेगळ्या मानण्याचे कारण नाही.

ध्वनिखोली :

वरील बहुतेक गोष्टी मान्य आहेत, पण नमद्याच्या तुकड्याबाबत मी असहमत आहे. आस सरसकट मारून टाकायची असेल तर फ्लोअर टॉम (ड्रम संचातला पायांवर उभा असणारा मोठा ढोल) काय वाईट आहे? त्याला चार माणसे लावून उचलावेही लागत नाही. मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो, आणि माझा अनुभव असा की गढूळपणा आसेमुळे जितका येतो त्याहून अधिक तो चुकीच्या सुरामुळे येतो. वाजत असलेल्या स्वरसंगतीत जो सूर बसतो त्याचा घुमारा दोन मात्रा जास्त राहिला तरी कानाला खुपत नाही. अर्धा स्वर उतरलेली टिंपनी मात्र पहिल्या क्षणापासून सगळ्यांचा सूर बिघडवते. खोली छोटी असेल तर मायक्रोफोन लावूच नये. लावायचाच असेल तर तो पुडीच्या मध्यावर न रोखता काठाच्या थोडा वर, टोल्याच्या जागेपासून दूर ठेवावा.

ठेकेवाला :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘बेमशा स्विंग’ ऐकले आणि रोच किती कमी टोले देतात हे पाहून मी चकित झालो. बासवादकाशी बोललो, एफ हा पाश्चात्त्य सूर आधार असलेल्या एका बारा मात्राखंडांच्या ब्लूजमध्ये एक आवर्तन तो थांबेल आणि आधारस्वर मी धरावेत, असे ठरते आहे. दोन टिंपनींवर हे जमेल का?

पेडलवरचा पाय :

ध्वनिखोली यांचा सुराबाबतचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. नमदा फक्त जलद चालीपुरता ठेवा.

एफ ही निवड आपल्या जोडीसाठी अगदी सोयीची आहे. २९ इंचीवर खालचा एफ ते सी आणि २६ इंचीवर बी फ्लॅट ते वरचा एफ, एवढे सूर मिळतात. सुरुवातीला मोठी टिंपनी एफवर आणि छोटी बी फ्लॅटवर लावा. पहिले चार खंड मोठीवर, पाचवा व सहावा छोटीवर आणि सातवा पुन्हा मोठीवर जाईल. सातव्या खंडात हात मोठीवर असतानाच पायाने छोटी बी फ्लॅटवरून डीवर न्या, म्हणजे आठव्या खंडातील डी तयार असेल. आठव्यात मोठी एफवरून जीवर चढवा, नवव्यात तो जी वाजत असताना छोटी डीवरून सीवर उतरवा, दहाव्यात सी वाजवा आणि तेवढ्यात मोठी पुन्हा एफवर आणा. प्रत्येक वेळी पेडल हलवण्यापूर्वी त्या टिंपनीची आस बोटांनी थांबवावी लागेल, नाहीतर मींड ऐकू येईल. उभे राहून हे करताना तोल जातो, म्हणून उंच स्टुलावर बसून दोन्ही पाय मोकळे ठेवा, आणि आठवडाभर काठी हातात न घेता केवळ पेडलच्या जागा गुणगुणत पक्क्या करा. दहाव्या खंडातील सीकडे जाताना मात्र मी स्वतः आस न थांबवता डीवरून खाली येणारी मींड मुद्दाम ऐकू देईन. ब्लूजमध्ये ती शोभते.