नाताळातली खूनकथा, पुढं वाचू का?

शहापूर, बेळगावहून विचारतोय. जोआन फ्लूक यांची 'शुगर कुकी मर्डर' (2004) हाती आलीय. मिनेसोटातलं गाव, नाताळचं एकत्र जेवण, केक कापायच्या जुन्या सुरीनं खून. इथवर झकास. पण मागं पानंच्या पानं पाककृती! रहस्य आहे की नुसतं लोणी-साखर?

खानापूरकर: रहस्य पातळ, कटाच्या आमटीसारखं. थंडीत पांघरुणात वाचायला बरं.

निपाणीची काकी: मी पाककृतीच वाचल्या की! कपाऐवजी आमटीची वाटी घेतली, बिस्किटांचा भुगा झाला. नातवानं चहात घालून चमच्यानं खाल्ला.

शहापूरकर: वाचतो मग. आपल्याकडं कुणी असं लिहिलं तर कुंद्याचं दूध आटेपर्यंतच तीन प्रकरणं जातील. खुनी तोवर गोव्यात!