पोलिसांना आठ तास ड्युटी दिली तर कोठडीतली मारहाण थांबेल का? या, भांडूया

उंबरठा_०७

महाराष्ट्र पोलीस चांगले की वाईट असं विचारलं की आपल्याकडे एकतर तुकाराम ओंबळेंचं नाव निघतं नाहीतर सचिन वाझेचं. एकजण काठी घेऊन कसाबच्या बंदुकीला भिडला आणि दुसऱ्या पोलीस अधिकाऱ्याला अंबानींच्या घराजवळ स्फोटकं ठेवल्याच्या अँटिलिया प्रकरणात एनआयएने (राष्ट्रीय तपास यंत्रणेने) उचललं. दोन लाखांवर माणसं असलेलं खातं या दोन टोकांवरून जोखायचं म्हणजे कमालच आहे, मधल्यांचं काय?

माझं म्हणणं असं की आधी शिपाई आणि हवालदाराचे कामाचे तास बघा, बाकीचं नंतर बोलू. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांचा २०१९ चा अहवाल आहे, देशभरातल्या पोलिसांशी बोलून केलेला, त्यात दिवसाला सरासरी चौदा तास काम निघालं. चौदा! त्यात साप्ताहिक सुट्टी रद्द, गणपतीत रजा बंद, निवडणुकीत रजा बंद, कोणी मंत्री आला की बंदोबस्त. असा माणूस रात्री दोन वाजता ठाण्यात तक्रार घ्यायला बसला तर तो गोड बोलेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

आणि हे बदलता येतं. मुंबईत मे २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांचा प्रयोग झाला, वेळापत्रकाची कल्पना तिथल्याच एका शिपायाची, तो ती घेऊन थेट आयुक्तांपर्यंत गेला. दत्ता पडसलगीकर तेव्हा आयुक्त होते, त्यांनी ऐकून घेतलं (हेच मला सगळ्यात नवल वाटतं) आणि जानेवारी २०१७ पासून मुंबईभर लागू केलं. आधी बारा तासांची ड्युटी नियमातच होती. नवीन भरतीची वाट न बघता आहे त्याच माणसांत हे बसवलं. मग राज्यभर का नाही? माझ्या मते मारहाण, अरेरावी, चिरीमिरी यातलं निम्मं तरी या थकव्यातून येतं. बोला.

वकिली_चष्मा

निम्मं? कुठून काढलं हे निम्मं?

थकवा नर्सला पण येतो, एसटीच्या ड्रायव्हरला पण येतो, ते कोणाला उलटं टांगत नाहीत. सांगलीचं अनिकेत कोथळे प्रकरण आठवा, नोव्हेंबर २०१७. लूटमारीच्या गुन्ह्यात पकडलेला पोरगा कोठडीत मेला, घरच्यांना सांगितलं पळून गेला, आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला असा गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला. सांगलीहून आंबोली म्हणजे काय जवळ आहे का? दमलेला माणूस घरी जाऊन झोपतो हो, रात्रीतून घाट गाठत नाही. हे करायला डोकं शांत लागतं आणि आपलं काही वाकडं होणार नाही अशी खात्री लागते.

ती खात्री कुठून येते तेही सांगते. बॉम्बस्फोटाच्या केसमध्ये पकडलेला ख्वाजा युनूस २००३ मध्ये कोठडीत मेला, त्या केसमधले निलंबित चार पोलीस जून २०२० मध्ये परत सेवेत घेतले, खटला संपलेला नसताना. परभणीत डिसेंबर २०२४ ला सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत मेला, लॉ शिकत होता, शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे शॉक असं आलं आणि तरी सरकारने विधानसभेत मारहाण झालीच नाही म्हणून सांगितलं. पोलिसांवर एफआयआर व्हायला हायकोर्टाचा आदेश लागला, त्याविरुद्ध सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि जुलै २०२५ मध्ये तिथेही हरलं. आता सांगा यात आठ तास ड्युटीचा संबंध कुठे आला.

आणि तुम्ही दिलेल्याच २०१९ च्या अहवालात पुढे असंही आहे की चारातले तीन पोलीस गुन्हेगाराला मारणं योग्य समजतात. ते वाचायचं राहिलं वाटतं!

झणझणीत_रस्सा

आठ तास दिले तर उरलेले सोळा तास वसुलीला मोकळे 😄

लाईनीतली_लेक

रस्सा भाऊ, हसून झालं असेल तर ऐका. माझे बाबा हवालदार, मी पोलीस लाईनीत वाढले. दिवाळीचा फराळ आमच्याकडे बाबा येतील तेव्हा व्हायचा, त्यात मोठं दुःख वगैरे काही नाही, लाईनीत सगळ्यांचं तसंच असायचं. पण सोळा तास मोकळे म्हणता ते कोणाचे? ड्युटी संपली की मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर भाजी पोचवायला, त्यांच्या पोरांना क्लासला सोडायला जो शिपाई जातो त्याची नोंद कुठल्या चार्टवर असते ते दाखवा.

वकील ताई, तुमचं सांगलीचं आणि परभणीचं पटतं, त्यात माफी नाहीच. पण एक सांगा, गुन्हा घडला की निलंबित कोण होतं? बहुतेक वेळा शिपाई, हवालदार, फार तर पीएसआय. वरून "दोन दिवसात डिटेक्शन पाहिजे" (म्हणजे गुन्हा उघडकीला आणा) असा फोन करणारा बदलीवर दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन परत गुलदस्ते घेतो.

आणि आमच्या लोकांनी बोलायचं कुठे? ऑगस्ट १९८२ ला मुंबईत शिपायांनी काळ्या फिती लावल्या होत्या, पगार, घरं, साहेबांची घरकामं हेच सगळं होतं त्यात. नेते पकडले, रस्त्यावर जाळपोळ झाली, लष्कर बोलवावं लागलं आणि संघटनेची मान्यता गेली ती गेलीच. केरळात पोलिसांची संघटना आहे, तिथे काही आभाळ कोसळलं नाही. इथे शिपायाला न्याय मागायचा तर बदलीसाठी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायचं, तेही स्वतःच्या खिशातून वकील करून, आणि मग वर्षभर साहेबांचं तोंड बघायचं. घराचं म्हणाल तर मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या पोलिसांना पुनर्विकासातल्या घराची किंमत आधी पन्नास लाख सांगितली होती, ओरडाआरडा झाल्यावर २०२२ मध्ये पंधरावर आली. ओरडले म्हणून आली हे लक्षात घ्या, आणि ओरडायला बहुतेक घरच्याच बायका पुढे होत्या कारण नवऱ्याला तोंड उघडता येत नाही.

सदाशिव_करदाता

सगळे पोलिसांच्या सुखदुःखातच अडकलेत. मी नागरिक, माझं काम होतं का यावर मी मार्क देणार. माझा मोबाईल बसमध्ये चोरीला गेला, ठाण्यात (नाव नको) मला सांगितलं "काका, चोरीला गेला नका म्हणू, हरवला लिहा, सिम लगेच मिळेल." सुप्रीम कोर्टाचा ललिता कुमारी निकाल २०१३ चा, दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हे मी तिथे ऐकवलं तर ठाणे अंमलदार म्हणाला "काका, निकाल आमच्या पीआयना (पोलीस निरीक्षकांना) दाखवा."

आणि त्याचं चूक तरी कसं म्हणू. चोरी लिहिली की ठाण्याचा गुन्ह्यांचा आकडा वाढतो, क्राईम मीटिंगला पीआय उभा राहून बोलणी खातो. गहाळ लिहिलं की आकडा शाबूत. म्हणजे जो प्रामाणिकपणे गुन्हे नोंदवतो त्याचं ठाणं वाईट दिसतं आणि जो हाकलून देतो त्याच्या हद्दीत रामराज्य! पेपरवाले पण तसेच, गुन्हे वाढले की मोठी हेडलाईन. २०१९ आणि २०२० ला इंडिया जस्टिस रिपोर्टमध्ये (पोलीस, तुरुंग, न्यायालयं यांवरून राज्यांना नंबर देणारा अहवाल) मोठ्या राज्यांत महाराष्ट्र एकूण पहिला होता, मला ते वाचून बरं वाटलं होतं, पण त्या पहिल्या नंबरात माझा मोबाईल कुठे आहे?

उंबरठा_०७

काका, तुमचा मुद्दा भारी आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे. अंमलदाराला दिवसभरात एवढं लिखाण असतं की...

सदाशिव_करदाता

नाही, तुमच्या बाजूचा नाही. त्याच्याकडे वेळ होता, चहा पीत होता.

जुना_ठाणेअंमलदार

चहा पिणं गुन्हा नाही हो काका. निवृत्त आहे म्हणून लिहितोय, नोकरीत असतो तर कसुरी रिपोर्ट (कामात चूक केल्याचा अहवाल) निघाला असता.

देवनारचं कौतुक ठीक आहे. पण पाळी शिपायाची लागते, तपास अधिकाऱ्याची लागत नाही हे कोणी बोलतच नाहीये. गार्ड, पेट्रोलिंग, वायरलेस, तिथे चार वाजले की दुसरा येतो आणि पहिला जातो. पण गुन्ह्याचा तपास पीएसआयच्या नावावर असतो, चार वाजता तो आरोपी कोणाच्या हातात देणार? चोवीस तासात कोर्टात उभा करायचा, साठ नाहीतर नव्वद दिवसात चार्जशीट, नाहीतर आरोपी जामिनावर बाहेर आणि हा चौकशीत आत. त्यात मधेच मोर्चाचा बंदोबस्त लागला की केस डायरी गाडीत बसून लिहायची. २००६ ला प्रकाश सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की तपासाची माणसं आणि बंदोबस्ताची माणसं वेगळी करा. एवढी वर्षं झाली, तालुक्याच्या ठाण्यात जाऊन बघा, दोन्हीला तोच एक पीएसआय. ग्रामीणला तर हद्द इतकी लांब की जायला-यायलाच निम्मी पाळी जाते.

आणि मारहाणीचं म्हणाल तर वकील मॅडम, मी बघितलंय, खोटं कशाला बोलू. तपास जमत नाही म्हणून मारतात. बोटांचे ठसे, मोबाईलचा सीडीआर (कॉलची नोंद), पंच सांभाळणं, याला वेळ लागतो आणि शिकवावं लागतं. पट्टा लगेच हाताशी असतो. फॉरेन्सिकचा रिपोर्ट कधी येईल सांगता येत नाही आणि साहेबांना उद्या सकाळी प्रेस घ्यायची असते.

वकिली_चष्मा

अंमलदार काका, हे पहिलं उत्तर आहे ज्यात सहानुभूती मागितलेली नाही. पण "जमत नाही म्हणून मारतात" हे मी कोर्टात बोलले तर तुमचेच लोक खवळतील.

माझा आग्रह एवढाच की सवलती देताना हिशोब पण मागा. नैमित्तिक रजा बारावरून वीस केल्या, चांगलं झालं. महिला पोलिसांना आठ तास करायचा आदेश जानेवारी २०२२ ला निघाला, तोही चांगला. पण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावा, लॉकअपमध्ये सुद्धा, असं सांगितलंय. मी फुटेज मागितलं की कॅमेरा बंद असतो. नेमका त्याच रात्री! पोलीस तक्रार प्राधिकरण २०१४ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं, माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी कोणाला ते ऐकूनसुद्धा माहीत नसतं, ठाण्याच्या भिंतीवर बाकी सगळे बोर्ड असतात.

लाईनीतली_लेक

कॅमेरा लावा ना, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर पण लावा. साहेबाची केबिन सोडून नको फक्त.

उंबरठा_०७

ठीक, "निम्मं" मागे घेत नाही पण भांडण कामाचं करू. सगळ्यांनी आपापल्या ठाण्याचा ड्युटी चार्ट आरटीआयमध्ये मागवला तर? आठ तास खरंच लागू आहेत का ते तरी कळेल.

जुना_ठाणेअंमलदार

चार्टवर आठच तास दिसतील, चार्ट मीच लिहायचो. मागायचंच असेल तर स्टेशन डायरीतल्या येण्या-जाण्याच्या नोंदी मागा, त्यावर तारीख आणि वेळ असते. देणार नाहीत. नकाराचं पत्र आलं की वकील मॅडमना पाठवा, अपिलाचं त्या बघतील.

वकिली_चष्मा

बघते. फी घेणार मात्र.