टॉम कोबर्न: सिनेटरकी आणि दवाखाना एकत्र कसं चालायचं?

टाचणी: अमेरिकी संसदेतल्या डॉक्टरांबद्दल वाचतेय. ओक्लाहोमाचे रिपब्लिकन टॉम कोबर्न म्हणे सिनेटर असतानाही बाळंतपणं करायचे. नियमात बसतं का हे? आणि त्यांना 'डॉक्टर नो' का म्हणायचे?

जुनापुराणा: बसत नाही, आणि त्यावरूनच त्यांचं सिनेटशी वाजलं. सिनेटरने पैसे घेऊन डॉक्टरकी करायची नाही, असा नियम आहे. आधी प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात असताना त्यांना खर्चापुरते पैसे घ्यायची मुभा होती. 2005 मध्ये सिनेटमध्ये आल्यावर नीतिमत्ता समितीने तीही नाकारली. मग हे ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावच्या रुग्णालयात फुकट बाळंतपणं करू लागले, तर 2008 मध्ये त्यावरही आक्षेप आला, कारण दरम्यान ते रुग्णालय खासगी हातात गेलं होतं!

माझ्या मते हा हट्ट कळला की माणूस कळतो. त्यांना पूर्णवेळ राजकारणी व्हायचंच नव्हतं. 1994 मध्ये पहिल्यांदा प्रतिनिधिगृहावर निवडून आले ते 'तीनच मुदती' असा शब्द देऊन, आणि 2001 मध्ये खरोखर घरी गेले. (असा शब्द देणारे तेव्हा पुष्कळ होते. पाळणारे मोजा.) डॉक्टरही उशिराच झाले. आधी घरच्या भिंगांच्या धंद्यात होते, तो विकल्यावर शिकले, पदवी 1983 ची. पुढे चार हजारांवर बाळंतपणं केली.

डॉक्टर, आणि खर्चाला सतत 'नो', म्हणून 'डॉक्टर नो'. हा 'नो' स्वपक्षालाही असायचा. 2005 मध्ये अलास्कातल्या ग्रॅविना बेटाच्या पुलाचा निधी कॅटरिना चक्रीवादळात मोडलेल्या लुइझियानातल्या पुलाकडे वळवा, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. अलास्काचे टेड स्टीव्हन्स, तेही रिपब्लिकनच, भर सभागृहात राजीनाम्याची भाषा करू लागले. दुरुस्ती 15 विरुद्ध 82 मतांनी पडली.

चाफेकळी: काटकसरीचं कौतुक पुरे. माजी सैनिकांच्या आत्महत्या रोखण्याचं विधेयक डिसेंबर 2014 मध्ये कोणी अडवलं? खर्च होता 2 कोटी 20 लाख डॉलर. एवढ्या मोठ्या अंदाजपत्रकात हे किती?

जुनापुराणा: त्यांनीच अडवलं. त्यांचं म्हणणं, आहेत त्याच योजना पुन्हा नव्याने मांडल्या आहेत. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. एकमताने काही मंजूर करायचं असलं की तिथे एका सिनेटरचा नकार पुरतो, आणि हे हत्यार त्यांनी सढळ हाताने वापरलं. ते निवृत्त झाल्यावर फेब्रुवारी 2015 मध्ये तो कायदा झालाच.

पण याच माणसाने 2006 मध्ये, तेव्हा सिनेटर असलेल्या ओबामांना सोबत घेऊन सरकारी अनुदानं आणि कंत्राटं कोणाला जातात, ते इंटरनेटवर सर्वांना दिसेल असा कायदा करवून घेतला. गर्भपातावर दोघांची मतं दोन टोकांना होती, तरी मैत्री टिकली.

टाचणी: पण 'डॉक्टर नो' म्हणजे रॉन पॉल ना?

जुनापुराणा: दोघांनाही म्हणायचे, आणि दोघेही प्रसूतितज्ज्ञ. पॉल टेक्सासचे, प्रतिनिधिगृहातले. ते तर दवाखान्यात मेडिकेअर, मेडिकेड या सरकारी आरोग्य विम्यांचे पैसेच घेत नसत. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे पुरायचं नाही.