मदत हवी आहे : स्कोपसमध्ये आमच्या विद्यापीठाचे पेपर निम्मेच दिसतात, सोमवारी यादी द्यायची आहे

शेल्फ_सात :
नमस्कार. तातडीची मदत हवी आहे. आमच्या विद्यापीठाच्या पाच वर्षांतल्या सगळ्या संशोधन पेपरांची मोजून यादी द्यायला सांगितलं आहे. विभागांनी पाठवलेल्या याद्यांची बेरीज ११४० होते. स्कोपस या पेपरांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत ६१२ दिसतात. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीत ३८८. वरिष्ठ विचारतात, बाकीचे गेले कुठे? माझ्याकडे उत्तर नाही. दोन दिवस डबासुद्धा संगणकासमोरच खाल्ला. यातला कोणता आकडा खरा धरायचा? कृपया लवकर सांगा.

जुना_रेसिडेंट :
विद्यापीठाचं नाव नको, पण अभिमत आहे की नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठासारखं संलग्न महाविद्यालयांचं? यादी कशासाठी? नॅकचं मूल्यांकन, एनआयआरएफ ही सरकारी क्रमवारी, की वार्षिक अहवाल? पाच वर्षं जानेवारी ते डिसेंबर मोजायची की जून ते मे? एवढं तरी सांगा.

डॉ_अपरांत :
स्कोपसचा नाद सोडा. वैद्यकीय संशोधन म्हटलं की पबमेड. आम्ही एमडी केलं तेव्हा पबमेडमध्ये नसलेला पेपर आमचे सर हातातही धरत नसत. ३८८ लिहा आणि मोकळ्या व्हा.

निशिगंध :
डॉक्टर, राग मानू नका, पण हा सल्ला त्यांना अडचणीत आणेल. एनआयआरएफमध्ये पेपरांची मोजणी स्कोपस आणि तशाच वेब ऑफ सायन्स या सूचीवरून होते. शिवाय विद्यापीठात नर्सिंग, फिजिओथेरपी, दंतवैद्यक असेल तर त्यांची कितीतरी चांगली भारतीय नियतकालिकं पबमेडमध्ये नाहीतच. त्या शिक्षकांचं काम शून्य धरायचं का? आणि २०१४ च्या आधीच्या नोंदींत पबमेड बहुतेक वेळा पहिल्या लेखकाचाच पत्ता, म्हणजे संस्थेचं नाव, ठेवायचं. तिसऱ्या-चौथ्या नावावर असलेला तुमचा माणूस तिथे पत्त्यावरून सापडतच नाही.

डॉ_अपरांत :
त्यांनी पाच वर्षांचं विचारलंय, २०१४ चा संबंध काय?

निशिगंध :
या यादीशी नाही, मान्य. पण पुढे कोणी आजवरचे सगळे पेपर मागितले की तिथेच अडकायला होतं, म्हणून सांगितलं.

कोकणकडा :
गुगल स्कॉलर वापरा. फुकट आहे आणि सगळं सापडतं.

पाचवा_मजला :
सगळं सापडतं हीच तर पंचाईत आहे. त्यात पेपर येतो, त्याचाच मसुदा येतो, कोणीतरी वेबसाइटवर टाकलेला प्रबंधही येतो. संस्थेच्या नावाने मोजायची धड सोय नाही. मी वैद्यकीय ग्रंथालयात ३१ वर्षं काढली, निवृत्त होऊन चार झाली. ताई, आकडा कोणता खरा हे आत्ता विचारूच नका. आधी सांगा, तुमची संस्था विद्यापीठ कधी झाली? त्याआधी नाव काय होतं? रुग्णालयाचं नाव वेगळं आहे का? आणि शिक्षक पेपरावर पत्ता नेमका कसा लिहितात?

मृद्गंध :
धागा वेगळा आहे, पण विचारते. माझा मुलगा यंदा नीटची परीक्षा देतोय. ज्या विद्यापीठाचे पेपर जास्त तिथे एमबीबीएस चांगलं शिकवतात का?

जुना_रेसिडेंट :
ताई, प्रवेशासाठी पेपर बघू नका. ओपीडीत रोज किती रुग्ण येतात आणि बाळंतपणं किती होतात ते बघा. आदल्या बॅचच्या दोन मुलांशी बोला. एमबीबीएसचं शिक्षण वॉर्डात होतं.

शेल्फ_सात :
उशीर झाला, सरांनी बोलावलं होतं. अभिमत विद्यापीठ आहे. यादी एनआयआरएफसाठी, आणि तीच नंतर वार्षिक अहवालात जाणार आहे. वर्षं कॅलेंडरची. हो, रुग्णालयाचं नाव वेगळं आहे, ट्रस्टच्या नावाने. आधी नुसतं मेडिकल कॉलेज होतं, आणि जुने प्राध्यापक अजून तेच नाव लिहितात. हे आधीच सांगायला हवं होतं का? मला वाटलं याचा काही संबंध नाही.

पाचवा_मजला :
तिथेच तुमचे पेपर अडकलेत. स्कोपस पेपरावर छापलेला पत्ता वाचतं आणि संस्थेच्या प्रोफाइलला जोडतं. पत्ता ओळखीचा नसेल तर वेगळं प्रोफाइल तयार होतं किंवा पेपर कुठेच जोडला जात नाही. तुम्ही बहुधा विद्यापीठाच्या एकाच प्रोफाइलवर क्लिक करून ६१२ पाहिलेत. आता असं करा. संस्थांच्या शोधात जुन्या कॉलेजचं नाव, रुग्णालयाचं नाव, नर्सिंग आणि दंत महाविद्यालयांची नावं एकेक करून टाका. शहराचं जुनं स्पेलिंगही. जेवढे आयडी (प्रोफाइलचे क्रमांक) सापडतील तेवढे एकत्र जोडून शोधा. मग पत्त्यातल्या शब्दांवरून वेगळा शोध घ्या, म्हणजे बेवारस पेपरही हाती लागतील. सगळं सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) उतरवून घ्या.

विभागांच्या याद्यांत प्रत्येक पेपराचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, लिहा. मेडिसिन, पॅथॉलॉजी आणि रेडिओलॉजीने मिळून लिहिलेला एकच पेपर तिघांच्या यादीत असतो, म्हणून बेरीज फुगते. डीओआयवरून एक्सेलमध्ये दुबार नोंदी काढा. परिषदांतली पोस्टर आणि पुस्तकांतली प्रकरणं वेगळ्या पानावर ठेवा.

कोकणकडा :
स्कोपसला पैसे लागतात. सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन आहे ना, त्यातून घ्या.

निशिगंध :
ती योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे, २०२५ पासून तीन वर्षांना ६००० कोटी. खासगी अभिमत विद्यापीठ त्यात बसत नाही. आणि ती नियतकालिकं वाचण्यासाठी आहे, पेपर मोजायला नाही. ताईंकडे स्कोपस आहेच, नाहीतर ६१२ कुठून आले असते? पडताळायला दुसरं काही हवं असेल तर ओपनअ‍ॅलेक्स ही पेपरांची सूची बघा, २०२२ पासून सगळ्यांना खुली आहे.

जुना_रेसिडेंट :
मला एक मनापासून बोलायचं आहे. २०१६ मध्ये दिल्लीचे सर्जन समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचे २००५ ते २०१४ या दहा वर्षांतले पेपर मोजले होते, तेही स्कोपसवरूनच. ३३२ संस्थांतून एकही पेपर नव्हता. वर्षाला शंभराहून जास्त पेपर देणाऱ्या संस्था फक्त २५, आणि देशाच्या एकूण कामातला ४० टक्के वाटा त्यांचा. शेल्फताई, तुमच्याकडे मोजायला पेपर आहेत आणि नीट मोजायला सांगणारं कोणीतरी आहे, ही चांगली गोष्ट आहे.

डॉ_अपरांत :
आणि बढतीला पेपर सक्तीचे केल्यावर जो कचरा छापला जातो त्याचं काय? आकडा वाढला म्हणजे संशोधन वाढलं का? बावस्कर डॉक्टरांनी महाडमध्ये विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून काम केलं आणि ते १९८२ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्यांच्यामागे कोणतं विद्यापीठ होतं? बंग दांपत्याने गडचिरोलीत गावातल्या बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले, तेही लॅन्सेटमध्ये, १९९९ साली. असा एक पेपर हजारांना भारी आहे.

निशिगंध :
या कामांपुढे मीही हात जोडते. पण ती आपल्याला माहीत आहेत ती नीट नोंदली गेली म्हणूनच ना? तालुक्याच्या डॉक्टरने लिहिलेला पेपर असो की अभिमत विद्यापीठातल्या निवासी मुलीचा, पत्ता चुकला म्हणून तो हरवू नये. ताई तेवढंच तर करतायत.

डॉ_अपरांत :
हे पटलं. शेल्फताई, माझा ३८८ चा सल्ला मागे घेतो.

सांजवारा :
मी पीजी तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या पेपरावर गाइडनी फक्त रुग्णालयाचं नाव टाकलंय. आता बदलता येईल का?

पाचवा_मजला :
छापून आला नसेल तर प्रूफ तपासताना बदला. छापून आला असेल तर संपादकांना लिहा, दुरुस्ती छापतात, वेळ लागतो. आणि ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढून घ्या, १६ अंकी असतो, फुकट मिळतो. लग्नानंतर आडनाव बदललं, नोकरी बदलली, तरी पेपर तुमच्याच नावावर राहतात. आमच्याकडे एका मॅडमचे पेपर तीन नावांवर विखुरलेले होते. ते गोळा करायला मला आणि त्यांना मिळून एक अख्खी दिवाळीची सुट्टी लागली.

शेल्फ_सात :
शनिवार रात्र. काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. नऊ वेगवेगळी नावं सापडली. एका नावात तर रुग्णालयाचं स्पेलिंगच चुकलंय आणि त्याखाली ४० पेपर आहेत. सगळे आयडी आणि बेवारस धरून स्कोपसमध्ये ७६३ झाले. विभागांच्या ११४० मधून २१४ दुबार गेले, ९७ पोस्टर आणि ३८ प्रकरणं वेगळी काढली, राहिले ७९१. त्यातले ७४८ स्कोपसमध्ये आहेत. ४३ नाहीत. आणि स्कोपसमधले १५ विभागांना माहीतच नव्हते, बहुतेक सोडून गेलेल्या निवासी डॉक्टरांचे. ते बघून मला फार बरं वाटलं, त्यांचंही नाव यादीत येणार.

आता दोन प्रश्न. त्या ४३ चं काय करू? आणि एक पेपर नियतकालिकाने मागे घेतलेला दिसतोय, तो ठेवू की काढू? विभागप्रमुख म्हणतात, राहू दे.

निशिगंध :
मागे घेतलेला पेपर मोजू नका. वेगळ्या ओळीत "मागे घेतला" असं तारखेसह लिहा. लपवला आणि नंतर कोणी रिट्रॅक्शन वॉचच्या मागे घेतलेल्या पेपरांच्या यादीत पाहिला तर तुमच्या बाकीच्या ७६२ वरही शंका येईल.

पाचवा_मजला :
४३ ची नियतकालिकं एकेक करून बघा. काही चांगली असतील, फक्त स्कोपसमध्ये नसतील. ती वार्षिक अहवालात घाला, एनआयआरएफच्या आकड्यात धरू नका. आठवड्यात पेपर छापून देतो म्हणणारी, परीक्षकच नसलेली जी असतील त्यांची यादी डीन सरांना वेगळी द्या. तोंडी नको, लेखी. आणि सोमवारनंतर स्कोपसच्या मदत केंद्राला नऊ नावं एकाच संस्थेत जोडायची विनंती पाठवा, म्हणजे पुढच्या वर्षी हे पुन्हा करावं लागणार नाही. जोडीला पत्ता कसा लिहायचा त्याचं एक परिपत्रक काढायला सांगा. एकच ओळ, सगळ्या विभागांना तीच.

शेल्फ_सात :
विभागप्रमुखांना पुन्हा भेटून मागे घेतलेल्या पेपराचं समजावलं. तयार झाले. परिपत्रकाची ओळ मी लिहून ठेवली आहे, उद्या सरांच्या सहीला देते. दोन विभागांनी अजून डीओआय पाठवलेले नाहीत. सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आत स्वतःच जाऊन घेऊन येते.